पावणेचौदा वर्षांची काळजी

तेरा वर्षे आणि नऊ महिने पुरे झालेल्या मुलाला कोणी वय विचारले, तर तो 'तेरा' असे कधीही सांगणार नाही. चौदा म्हणावे तर ते खोटे ठरते, आणि तेरा म्हणणे त्याला अपमानाचे वाटते. मराठीत त्याची चांगली सोय आहे. 'पावणेचौदा' या एका शब्दात त्याचा खरेपणा आणि त्याची मोठे होण्याची घाई, दोन्ही मावतात. इंग्रजीत असा शब्द नाही. म्हणून स्यू टाउनसेंड या लेखिकेला आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेराच्या आकड्यापुढे तीन-चतुर्थांशाचा अपूर्णांक छापावा लागला. 'द सीक्रेट डायरी ऑफ ॲड्रियन मोल' हे ते पुस्तक. लंडनच्या मेथ्यूएन या प्रकाशनसंस्थेने ते १९८२ च्या ऑक्टोबरात काढले. ते आणि १९८४ मध्ये निघालेला त्याचा पुढला भाग ही दोन्ही त्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेल्या कादंबऱ्यांच्या अग्रभागी होती. ज्याला कशाची काळजी वाटत नाही अशी एकही घटका ज्याच्या दिवसात नाही, अशा एका मुलाच्या रोजनिशीला हे भाग्य कसे लाभले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

रोजनिशीचा आरंभ १ जानेवारी १९८१ रोजी नववर्षाच्या संकल्पांनी होतो. आंधळ्यांना रस्ता ओलांडण्यास साहाय्य करावयाचे, विजारी खुंटीला लावावयाच्या, कुत्र्याशी दयेने वागावयाचे, गरीब व अज्ञानी जनांच्या उपयोगी पडावयाचे, असे उदात्त बेत हा मुलगा करतो. आणि दुसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच काळज्यांची पहिली फौज त्याच्या दारात येऊन उभी राहते. हनुवटीवर पुटकुळी उठली आहे. आईने मध्यरात्रीनंतर दोन वाजता जिन्याच्या माथ्यावर उभी राहून मोठ्याने गाणे म्हटले, त्या अर्थी आईबाप मद्यपी असण्याचा संभव आहे. आणि ते मद्यपी असतील तर पुढल्या वर्षी आपली रवानगी अनाथालयात होणार! पुटकुळीपासून अनाथालयापर्यंतची मजल हा मुलगा दोन दिवसांत मारतो. ज्याला काळजीचा रोग जडलेला असतो त्याचे मन नेमके असेच चालते. त्याला दोन गोष्टींच्या मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. दिसतो तो केवळ शेवटचा कडेलोट.

पौगंडावस्थेतील मुलाची गंमत करणे ही इंग्रजी वाङ्मयात नवी गोष्ट नव्हती. १९०४ मध्ये स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या वयावर दोन जाडजूड खंड लिहून ते वादळाचे व ताणाचे वय असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९१६ मध्ये, बूथ टार्किंग्टन याची 'सेव्हन्टीन' ही कादंबरी आली. तीत सतरा वर्षांचा एक प्रेमवीर बापाचा मेजवानीचा पोशाख चोरून घालतो आणि धाकटी बहीण त्याची सगळी बिंगे फोडते. कादंबरी हसविते, परंतु ते हसे गच्चीवरून अंगणात पाहणाऱ्या वडील माणसाचे आहे. मुलगा अंगणात धडपडतो, आणि लेखक वरून वाचकाला डोळा घालतो. इंग्लंडात १९५३ पासून नायजेल मोल्सवर्थ नावाच्या शाळकरी मुलाने अशुद्ध लेखनाची बहार उडवून दिली होती, पण तो बेडर व बिलंदर. काळजी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. स्वतःविषयी गंभीर असलेल्या आणि म्हणूनच हास्यास्पद ठरलेल्या रोजनिशीकाराचा खरा पूर्वज शोधावयाचा तर मागे, १८९२ पर्यंत जावे लागते. त्या वर्षी ग्रोस्मिथ बंधूंची 'द डायरी ऑफ अ नोबडी' ही लंडनमधील एका कारकुनाची रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. टाउनसेंडबाईंनी त्या कारकुनाची लेखणी पावणेचौदा वर्षांच्या पोराच्या हाती दिली असे म्हटले, तर ते फारसे चुकीचे होणार नाही. मात्र त्या पोराला धास्ती कशाची वाटते, हे त्यांनी कोणाकडून उसने घेतले नाही.

त्यांचा जन्म २ एप्रिल १९४६ रोजी लेस्टर या मध्य इंग्लंडातील गिरण्या-कारखान्यांच्या शहरी झाला. वडील पुढे टपालवाले झाले. आई कारखान्याच्या उपाहारगृहात कामाला. आठव्या वर्षापर्यंत मुलीला वाचता येत नव्हते. गालगुंडांमुळे काही आठवडे शाळा बुडाली, तेव्हा आईने तिला रिचमल क्रॉम्प्टन हिची खोडकर विल्यमची जुनी पुस्तके आणून दिली, आणि त्या पुस्तकांनी शाळेला जे साधले नव्हते ते साधले. पंधरा वर्षांची होते न होते तोच शाळा सुटली. पेट्रोलच्या पंपावर, मालाची पुडकी बांधण्याच्या कामावर असे दिवस गेले. अठराव्या वर्षी लग्न, पुढच्या चारपाच वर्षांत तीन मुले, आणि मग नवऱ्याने सोडल्यावर एकटीने संसार. त्या काळात एकदा सरकारी मदत कचेरीतून रिकाम्या हाती परतावे लागले असता, सोडावॉटरच्या रिकाम्या बाटल्या दुकानात परत करून मिळालेल्या चिल्लरीवर मुलांच्या तोंडी घास कसा घातला, हे त्यांनी १९८९ च्या 'मिस्टर बेव्हन्स ड्रीम' या पुस्तिकेत सांगितले आहे. ही पुस्तिका विनोदी नाही. पण ॲड्रियन मोल वाचून हसलेल्याने ती अवश्य वाचावी. विनोदाच्या विहिरीचे पाणी कोठून झिरपते ते तीत दिसते.

मुले निजल्यावर रात्री लिहावयाचे आणि लिहिलेले लपवून ठेवावयाचे, हा क्रम जवळजवळ वीस वर्षे चालला. घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. अखेर त्यांच्या दुसऱ्या जीवनसाथीला त्यांनी हे गुपित सांगितले, आणि त्याच्याच आग्रहाने १९७८ मध्ये त्या लेस्टरच्या फीनिक्स नाट्यगृहातील लेखकमंडळात जाऊ लागल्या. आरंभी त्या तेथे गप्पच बसत. पुढल्याच वर्षी त्यांचे 'वोम्बरँग' हे नाटक रंगभूमीवर आले, आणि त्याला पारितोषिकही मिळाले. स्त्रीरोगांच्या दवाखान्यातील प्रतीक्षागृहात बसलेल्या बायका हा त्या नाटकाचा विषय.

ॲड्रियन मात्र त्याआधीच कागदावर उतरला होता. एका रविवारी थोरल्या मुलाने विचारले, की इतर कुटुंबे मोकळ्या सोडलेल्या जनावरांची उद्याने पाहावयास जातात, आपण का जात नाही? प्रश्न साधा होता. पण त्यातील स्वर आईच्या कानात राहिला. आपल्यावर अन्याय होत आहे, आपले घर इतर घरांसारखे नाही, आणि याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे, असा तो स्वर! त्या एका स्वरातून सारी रोजनिशी निघाली. आईने मुलाचे लाड केले नाहीत, की त्याला झिडकारलेही नाही. तिने त्याचे ऐकले.

ही रोजनिशी सर्वदूर पोहोचली ती आधी कानांवाटे, हे तिच्या यशातील एक मर्म आहे. २ जानेवारी १९८२ रोजी बी.बी.सी.च्या चौथ्या नभोवाणी-कार्यक्रमावर ती एका मुलाच्या आवाजात प्रसृत झाली. तेव्हा नायकाचे नाव नायजेल मोल असे होते. ग्रंथरूप देताना हे नाव त्या बिलंदर मोल्सवर्थच्या फार जवळ जाते अशी अडचण निघाली आणि नायजेलचा ॲड्रियन झाला. नायजेल हे नाव पुस्तकात त्याच्या मित्राकडे गेले. रंगभूमीवर पात्राचा चेहरा दिसतो, भोवतालची माणसे दिसतात. नभोवाणीवर केवळ एक आवाज, आणि तो आवाज जे सांगतो तेवढेच जग. त्या आवाजाने म्हणावे, की स्वयंपाकघरात आई शेजारच्या लुकससाहेबांबरोबर कॉफी घेत हसत होती आणि आपण आत जाताच दोघेही हसावयाचे थांबले. आणि लगेच त्याने आपल्या पुटकुळीकडे वळावे. घरोघर ऐकणाऱ्या हजारो श्रोत्यांना त्या क्षणी जे कळून चुकले, ते सांगणाऱ्याला मात्र पुढे कित्येक आठवडे कळावयाचे नव्हते. या कार्यक्रमाच्या मागे जॉन टायडमन नावाचे नाट्यविभागातील अधिकारी होते. रोजनिशीतला ॲड्रियन आपल्या कविता बी.बी.सी.कडे धाडतो आणि त्याला तेथून सौजन्यपूर्ण उत्तर येते, त्याखालीही सही याच नावाची आहे. आश्रयदात्याचे ऋण फेडण्याची ही रीत तशी नामी म्हणावयाची!

आता या मुलाला काळजी कशाकशाची वाटते ते पाहण्यासारखे आहे. आपल्या आहारात जीवनसत्त्वे कमी पडत आहेत. आपली उंची पुरेशी वाढत नाही. पँडोरा ही वर्गात नवी आलेली मुलगी आपल्याकडे पाहणार नाही, आणि पाहिलेच तर पुटकुळी पाहील. दूरचित्रवाणीवर माल्कम मगरिज बोलले आणि त्यातील बहुतेक शब्द समजले, त्या अर्थी आपण बुद्धिमंत आहोत. पण मग बुद्धिमंताला शोभेलशी कविता कोण छापणार? जेन ऑस्टिन वाचून झाल्यावर त्याला वाटते की बाईंनी जरा आधुनिक काही लिहावयास हवे. बॅरी केंट नावाचा दांडगा पोर शाळेत त्याच्याकडून रोज खंडणी वसूल करतो. बाप मध्यस्थीला जातो आणि हात हलवीत परत येतो. शेवटी आजीबाई एकट्याच त्या घरी जातात आणि सत्तावीस पौंड अठरा पेनी मोजून घेऊन येतात. परोपकाराच्या शालेय उपक्रमात त्याच्या वाट्याला येतो बर्ट बॅक्स्टर हा एकोणनव्वद वर्षांचा कम्युनिस्ट म्हातारा. त्याचा कुत्रा हिंस्र, आणि त्याच्या खाण्यात बीटरूटच्या सँडविचांखेरीज फारसे काही नाही.

या सर्व काळज्या खऱ्या आहेत. पण ज्या गोष्टींची काळजी करावयास हवी त्या या यादीत नाहीत. आई शेजाऱ्याबरोबर शेफील्डला निघून जाते. बापाची नोकरी सुटते. बिल न भरल्याने घरातील वीज तोडली जाते. बाप पुढे सरकारी योजनेतून कालव्याचा काठ साफ करण्याच्या कामावर लागतो, आणि त्यालाच कुटुंबाचा भाग्योदय मानण्याची पाळी येते. रोजनिशीत हे सारे येते ते जाता जाता, परीक्षा आणि पुटकुळी यांच्या मधल्या जागेत. घटस्फोटाचा कायदा सैल झाल्यानंतर, म्हणजे १९७१ मध्ये, इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ७४,००० घटस्फोट झाले होते. १९८१ मध्ये, ॲड्रियनच्या रोजनिशीच्या वर्षी, ती संख्या सुमारे १,४५,००० वर गेली. त्याची रोजनिशी नभोवाणीवर ऐकू आली त्याच महिन्यात ब्रिटनमधील बेकारांच्या सरकारी गणनेने तीस लाखांचा आकडा ओलांडला. ॲड्रियन हे आकडे देत नाही. तो थॅचरबाईंना उद्देशून एक कविता करतो, आणि शाळेच्या नियमाविरुद्ध काळ्याऐवजी तांबडे मोजे घालून बंड पुकारतो. फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाची स्वारी झाल्याचे तो बापाला सांगतो, तेव्हा ही बेटे स्कॉटलंडच्या किनाऱ्याला असावीत अशा समजुतीने बाप ताडकन उठतो; ती आठ हजार मैल दूर आहेत असे कळताच पुन्हा पांघरूण ओढून घेतो. नकाशात ती बेटे सापडता सापडत नाहीत, कारण त्यांवर केकचा एक कण पडलेला असतो.

येथेच या पुस्तकाचे वर्म आहे. मुलाची काळजी जागेवरून सरकलेली आहे. घर मोडते आहे ही गोष्ट पावणेचौदा वर्षांच्या डोळ्यांना थेट पाहवत नाही. म्हणून ते डोळे हनुवटीकडे पाहतात. पुटकुळीवर निदान मलम तरी लावता येते! वाचक हसतो तो मुलाच्या मूर्खपणाला, असे प्रथम वाटते. पण मुलगा मूर्ख नाही. ज्या घरात वडील माणसेच पोराहून पोर झाली आहेत, त्या घरात भांडी घासणारा, कुत्र्याची आठवण ठेवणारा आणि म्हाताऱ्या बर्टच्या घरी जाऊन त्याची सेवा करणारा हाच एक आहे. टार्किंग्टनच्या गच्चीवरचा वडील माणूस येथे नाहीसा झालेला आहे, आणि अंगणातल्या मुलाच्या हाती लेखणी आहे. म्हणूनच या हशात क्रौर्य नाही.

वैद्यकाच्या इतिहासाकडे नजर टाकली असता एक योगायोग ध्यानात येतो. फ्रॉइडने १८९५ मध्येच चिंतेच्या विकृतीला दुर्बल मज्जातंतूंच्या सरमिसळ रोगापासून वेगळे काढले होते. परंतु मुलांच्या चिंतेला स्वतंत्र व्यवस्थित नाव मिळण्यास बराच अवधी गेला. अमेरिकन मनोवैद्यक संघाने १९८० मध्ये आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती काढली. तीत मुलांच्या व कुमारांच्या अतिचिंतेचा एक विकार नमूद केला आहे. पुढे काय होईल याची निष्कारण धास्ती, आपण मागे वागलो ते बरोबर होते की नाही याचा घोर, आपल्या लायकीविषयी शंका, कारणावाचून शरीराच्या तक्रारी, लोक आपल्याकडे पाहत आहेत ही जाणीव, आणि कोणीतरी धीर द्यावा अशी सततची गरज, ही त्याची लक्षणे. पुढल्याच वर्षीची ॲड्रियनची रोजनिशी उघडावी, तर एकेका लक्षणासाठी पानेच्या पाने सापडतात. टाउनसेंडबाईंनी तो ग्रंथ पाहिला असेल असे मानण्याचे काही कारण नाही, आणि ॲड्रियनला रोगी ठरविण्याचेही प्रयोजन नाही. एकच मूल एकाच सुमारास वैद्यांना आणि विनोदकर्तीला निरनिराळ्या खिडक्यांतून दिसले, एवढेच. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हा स्वतंत्र विकार काढून प्रौढांच्या सर्वसाधारण चिंताविकारात विलीन करण्यात आला. नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी निघालेल्या 'द वाइल्डरनेस इयर्स' या भागात ॲड्रियन प्रौढ होऊन मानसोपचाराला जातो, आणि उपचार करणाऱ्या बाईच्याच प्रेमात पडतो!

त्यानंतरच्या पिढीने हीच काळजी नाव घेऊन सांगावयास आरंभ केला. १९८४ चे संगीत नाटक, १९८५ ची दूरचित्रवाणी-मालिका यांनी ॲड्रियनला घरोघर नेले होतेच. परंतु त्याच्या वारसदारांना त्याचे अज्ञान उरले नाही. न्यूयॉर्कच्या नेड व्हिझिनी या तरुण लेखकाची 'इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी' ही कादंबरी २००६ मध्ये निघाली. तिचा नायक क्रेग पंधरा वर्षांचा. चढाओढीच्या शाळेत मोठ्या कष्टाने प्रवेश मिळवितो, आणि मिळविल्यावर त्या शाळेच्या ओझ्याखाली दबतो. अन्न पोटात ठरत नाही. एका रात्री आत्मघाताच्या विचाराने तो स्वतःच घाबरतो आणि स्वतःच्या पायांनी रुग्णालयात जाऊन दाखल होतो. उरावर बसणाऱ्या कामांना तो अष्टपादाच्या सोंडा म्हणतो, मनाला स्थिर ठेवणाऱ्या गोष्टींना नांगर. आणि रुग्णालयात मेंदूच्या आकारात शहरांचे नकाशे काढू लागतो, तेव्हा त्याला प्रथम नांगर सापडतो. प्रौढांच्या मनोरुग्णविभागातील प्रसंग व्हिझिनी इतक्या हलक्या हाताने रंगवितो की वाचक हसल्यावाचून राहत नाही. लेखक स्वतः २००४ च्या अखेरीस पाच दिवस अशा विभागात राहून आला होता. २०१३ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या आयुष्याचा अंत केला. त्यामुळे त्याचे पुस्तक खोटे ठरत नाही. ते वाचून वेळीच कोणाजवळ तरी बोललेली मुले त्याच्या दुःखाहून निराळी आहेत. परंतु विनोद हे औषध आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या तारखेपाशी थोडे थांबावे.

टाउनसेंडबाईंनी असा दावा कधी केला नाही. त्यांचा मुलगा ॲड्रियन वाढत गेला, टकलू झाला, बाप झाला, आणि २००९ च्या भागात कर्करोगाशी झुंजला. काळजीची सवय मात्र त्याची सुटली नाही. मधुमेहाने बाईंची दृष्टी हळूहळू नेली आणि २००१ मध्ये त्यांची अधिकृतपणे अंध म्हणून नोंद झाली. आंधळ्यांना रस्ता ओलांडून देण्याचा संकल्प त्यांच्या मुलाने वीस वर्षांपूर्वी पहिल्याच पानावर, सर्वांच्या वर लिहून ठेवलेला होता. पुढची पुस्तके त्यांनी तोंडाने सांगून लिहविली. मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा, २००९ मध्ये, थोरल्या मुलाने आपले एक मूत्रपिंड आईला दिले. उद्यानातील जनावरे का दाखवीत नाहीस असे विचारणारा तोच मुलगा.

ॲड्रियन मोलचा जन्म लेखिकेने आपल्याच वाढदिवशी, २ एप्रिलला, ठरविला होता. २ एप्रिल २०१४ रोजी त्या अडुसष्ट वर्षांच्या झाल्या आणि तो सत्तेचाळीस वर्षांचा. त्यानंतर आठ दिवसांनी, १० एप्रिलला, लेस्टरमधील आपल्या घरी त्यांचा अंत झाला. ॲड्रियनच्या रोजनिशीचा पुढला भाग त्या वेळी अर्धवट लिहून पडला होता.